सगळ्याच देशांनी निर्यात वाढवायला आपापलं चलन स्वस्त केलं, तर बिघडतं काय?

बिघडतं हे की, सगळ्यांना एकाच वेळी स्वस्त होताच येत नाही. विनिमय दर तराजूसारखा असतो. एक पारडं खाली गेलं की दुसरं वर जाणारच.

मी इंदूरचा, म्हणून सोयाबीनचं उदाहरण देतो. डिसेंबर २०२३ मध्ये अर्जेंटिनाने आपलं चलन पेसो स्वस्त केलं, डॉलरमागे सुमारे ३६६ वरून ८०० वर नेलं. कारण घरचं संकट होतं, स्पर्धा नव्हे. पण समजा, उद्या सोया विकणारे सगळेच देश मुद्दाम असं करू लागले, तर माळव्याची सोयापेंड परदेशात महाग ठरेल आणि बाहेरचं सोयातेल इथे स्वस्तात येईल. मग इंदूरच्या छावणी मंडीतून आयात शुल्क वाढवण्याची मागणी होणारच, आणि ती चुकीची म्हणवत नाही. समोरचाही शुल्क लावतो. खरं नुकसान तिथून सुरू होतं.

असं पूर्वी घडलंय. १९३१ मध्ये ब्रिटनने सुवर्ण परिमाण, म्हणजे चलनाची किंमत सोन्याशी बांधण्याची पद्धत, सोडलं, पाठोपाठ अनेक देशांनी. अमेरिकेने १९३४ मध्ये सोनं औंसाला २०.६७ वरून ३५ डॉलरवर नेलं, म्हणजे डॉलर स्वस्त केला. फ्रान्ससारख्यांनी सोनं धरून ठेवलं, पण आयातीवर कोटे, म्हणजे प्रमाणाची मर्यादा, लावले. सुवर्ण परिमाण सोडणारे लवकर सावरले, हेही खरं. पण जागतिक व्यापार आक्रसला.

शिवाय ज्यांचं कर्ज डॉलरमध्ये आहे त्यांचं ओझं चलन घसरताच वाढतं. आपण तर बहुतेक कच्चं तेल आयात करतो. रुपया पाडला की डिझेल आणि खत दोन्ही महाग, म्हणजे पुन्हा शेतकऱ्यावरच भार.