लाल रेषेतला प्लॉट

प्रश्न : कोल्हापुरात जयंती नाल्याजवळ आमचा दोन गुंठ्यांचा बिनशेती प्लॉट आहे. १९९८ साली ह्यांच्या फंडाच्या पैशातून घेतला. परवा एक एजंट येऊन म्हणाला, "मावशी, प्लॉट पुराच्या रेड लाइनमध्ये गेलाय, आता तिथं वीटसुद्धा लावता येणार नाही. निम्म्या दराने गिऱ्हाईक आहे, बघा." आमच्या ओळखीच्यांचं घर नदीला आमच्यापेक्षा जवळ, पण ते रेषेबाहेर! हा कुठला न्याय?
— एक निवृत्त शिक्षिका

उत्तर : बाई, त्या एजंटाला चहा पाजा आणि वाटेला लावा. मी पाटबंधारे खात्यात लेव्हलिंगची काठी धरून नोकरीला लागलो, तेव्हा पहिला धडा मिळाला तो असा : पाणी अंतर बघत नाही, उंची बघतं. तुमचे ओळखीचे टेकाडावर असतील. पंचगंगा फुगली की नाल्याचं पाणी नदीत जायचं थांबतं आणि नदीच नाल्यातून उलटी शहरात शिरते. शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत गणपती हलवायची धांदल उडते ती यामुळेच.

आता रेषांचं. निळी रेषा म्हणजे सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्याची. नदीकाठापासून निळीपर्यंत निषिद्ध क्षेत्र : तिथे बाग, पार्किंग, ओट्यांची उघडी मंडई असलं काही चालतं, नवं घर नाही. निळी आणि लाल यांच्यामध्ये मात्र नियंत्रित क्षेत्र. राज्याच्या २०२०च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीनुसार तिथे बांधकामाला परवानगी मिळू शकते; अट अशी की जोत्याची पातळी लाल रेषेच्या पातळीपेक्षा किमान ०.४५ मीटर, म्हणजे साधारण दीड फूट वर हवी. एजंटाने हे अर्धंच सांगितलं. उरलेल्या अर्ध्यातच त्याची कमाई आहे.

म्हणून प्लॉट 'लाल रेषेत' आहे एवढ्यावर थांबू नका; तो निळीच्या आत आहे की बाहेर, ते बघा. नगररचना विभागाकडून झोन दाखला आणि पूररेषा दाखवलेला भाग नकाशा घ्या; सातबाऱ्यावर ही रेषा दिसत नाही. जलसंपदा (म्हणजे पूर्वीच्या पाटबंधारे) विभागाकडे अर्ज करून तुमच्या जागेजवळची लाल रेषेची पातळी लेखी मागा. मग सर्व्हेयरकडून प्लॉटची पातळी काढून घ्या. समजा, प्लॉट दोन मीटर खाली निघाला, तर जोतं सुमारे अडीच मीटर उचलावं लागेल. मग खाली खांबांवर पार्किंग, वर घर. खर्च वाढेल, हे खरं. किमतीत तेवढी सूट गिऱ्हाईक मागणारच, पण निम्मी नाही. आणि नकाशा ताजाच घ्या, कारण जलसंपदा विभागाने रेषा बदलली की विकास आराखड्यातली रेषाही आपोआप बदलते.

भराव टाकून प्लॉट उंच करायचा सल्ला कोणी देईल. ऐकू नका. तुमच्या प्लॉटवरचं पाणी शेजाऱ्याच्या स्वयंपाकघरात जाईल आणि पुढची वीस वर्षं त्याचं तोंड बघावं लागेल.

शंभर वर्षांतून एकदा म्हणजे आता शंभर वर्षं सुट्टी, असंही समजू नका. दर वर्षी शंभरात एक शक्यता, असा त्याचा अर्थ. वीस वर्षांचं गृहकर्ज फिटेपर्यंत तो पूर एकदा तरी येण्याची शक्यता १८ टक्के होते. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर धोका पातळी ४३ फूट आहे. २०१९ आणि २०२१ मध्ये, दोनच वर्षांच्या अंतराने, पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं.

प्रश्न : सांगलीत निळ्या रेषेच्या आत आमचं जुनं घर आहे. ते पाडून नवं बांधता येईल का?
— एक वाचक

उत्तर : जुनं बांधकाम अधिकृत असेल तर पुनर्विकासाची वाट आहे. जोतं इथेही लाल रेषेच्या ०.४५ मीटर वरच हवं, शिवाय पाटबंधारे विभागाचा ना-हरकत दाखला लागेल. तेव्हा आधी मूळ बांधकाम परवाना शोधा. जुन्या घरांत तो बहुधा आजोबांच्या ट्रंकेत, लग्नपत्रिकांखाली सापडतो. तो हाती येईपर्यंत घराला हात लावू नका.