येळवस की वेळ अमावास्या?

लातूर-धाराशिवकडे मार्गशीर्ष अमावास्येला शेतात होणाऱ्या सणाला ‘वेळ अमावास्या’ म्हणतात, त्यातली ‘वेळ’ कोणती आणि जुनी माणसे म्हणतात ती ‘येळवस’ हे त्याचे अशुद्ध रूप मानावे का, असे एका वाचकाने विचारले आहे. माझे मत नेमके उलट आहे. येळवस हेच मूळच्या जवळचे रूप असून ‘वेळ’ ही मागाहून झालेली दुरुस्ती आहे.

कन्नडमध्ये तिळाला ‘एळ्ळु’ म्हणतात, आणि शब्दारंभीचा ‘ए’ तिकडे ‘ये’सारखा उच्चारला जातो. बिदर-कलबुर्गीकडे याच तिथीला ‘येळ्ळ अमावास्या’ साजरी होते. आपल्याकडे अमावास्येला ‘अवस’ म्हणतात (‘अवस-पुनव’ हा जोडशब्द आठवावा), म्हणून येळ आणि अवस मिळून येळवस झाली. पुढे घोटाळा झाला तो आपल्या बोलीमुळे. मराठवाड्यात वेळेला ‘येळ’ आणि वेड्याला ‘येडा’ म्हणतात. त्यामुळे शिकलेल्या माणसाने ‘येळवस’ ऐकताच हाही तसाच बोलीतला उच्चार असणार असे समजून तिथे ‘वेळ’ लिहिले, आणि तिळाचा संबंध सुटला.

हा कन्नड शब्द लातूर-धाराशिवकडे रुळला यात नवल नाही, कारण उदगीर, निलंगा आणि अहमदपूर हे तालुके १९५६च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत बिदर जिल्ह्यातच होते. सोयरीक आणि बाजार सीमेच्या दोन्ही बाजूंना चालत असताना सणाचे नाव तेवढे पलीकडेच राहील कसे?

माझ्या लहानपणी आमच्या घरी ‘वेळ’ हा उच्चार कधीच ऐकू आला नाही. आदल्या रात्री ज्वारीच्या पिठाची ताकातली अंबील मातीच्या माठात भरून ठेवली जाई, पहाटे तुरीच्या, वाटाण्याच्या आणि हरभऱ्याच्या ओल्या दाण्यांची बेसन लावलेली भज्जी शिजे, आणि आई बाजरीचे उंडे वळताना त्यांवर बोटांनी तीळ दाबीत असे. शेतात कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून कोप केलेली असे व आत चुन्याने रंगवलेले पाच दगड पांडव म्हणून पुजले जात. आजोबा अंबील शिंपडत धुऱ्याने, म्हणजे शेताच्या बांधाने, निघत, आणि आम्ही मुले मागून ‘ओलगे ओलगे, सालम पलगे’ असे ओरडत जात असू. त्या आरोळीतले एकही अक्षर आम्हाला मराठी वाटत नसे. पण अर्थ विचारण्याचे कधी कोणाच्या मनात आले नाही.

तिळाशिवाय दुसरी व्युत्पत्तीही पुष्कळ जण सांगतात, की पिकाच्या ऐन वेळी येणारी ती वेळ अमावास्या. ती ऐकायला गोड असली तरी ‘येळ्ळ’मधला दुहेरी ळ आणि बिदरकडील प्रथा या दोन्हींचा उलगडा तिने होत नाही, म्हणून मी ती स्वीकारीत नाही.

लिहिताना ‘येळवस’ हे स्त्रीलिंगी मानावे: ती येळवस, येळवशीला शेतात गेलो, येळवशीची भज्जी. शासकीय सुट्टीच्या पत्रकात ‘वेळ अमावास्या’ असेल तर असू द्यावे. पण पाहुण्याला जेवणाचे आवतण धाडताना ‘येळवशीला या’ असेच लिहावे.