टीडीआर मीटर काळ्या रानातला ओलावा खरा दाखवतो का?

तुमचा प्रश्न असा, की नुसत्या सळया खुपसून टीडीआर (टाइम डोमेन रिफ्लेक्टोमेट्री, म्हणजे परतणाऱ्या सिग्नलच्या वेळेवरून मोजणी) मीटरला ओलावा कळतो कसा, आणि काळ्या रानात त्या आकड्यावर किती भिस्त ठेवायची. माती तपासणीच्या कामात हा मीटर माझ्या नेहमीच्या वापरातला, म्हणून लिहितो.

मीटर पाणी मोजतच नाही, वेळ मोजतो. विजेचा सिग्नल सळयांवरून खाली जातो, टोकावर आपटून परततो. गाडलेली केबल कुठे तुटलीय हे शोधायची जुनी युक्तीच ही. मातीचा डायइलेक्ट्रिक कॉन्स्टंट (पदार्थ विद्युत क्षेत्राला किती प्रतिसाद देतो हे सांगणारा आकडा) जितका जास्त तितका सिग्नल संथ. हवेचा 1, कोरड्या मातीचा साधारण 3 ते 5, पाण्याचा मात्र 80 च्या आसपास! त्यामुळे वेळ वाढला की समजायचं, पाणी वाढलं. 20 सेंमीच्या सळईवर कॉन्स्टंट 4 असेल तर जाऊन-येऊन 2.7 नॅनोसेकंद लागतात, 25 असेल तर 6.7. यावरून ओलावा काढायचं सूत्र कॅनडाच्या टॉप आणि सहकाऱ्यांनी 1980 साली दिलं. त्यात 25 घातले की सुमारे 40 टक्के येतात. हे टक्के आकारमानाचे. नमुना ओव्हनमध्ये वाळवून काढलेले टक्के वजनाचे असतात, ते मातीच्या घनतेने गुणल्याशिवाय दोन्हींची तुलना करू नका. निम्मे वाद इथेच मिटतात.

आता काळी माती. तिच्यातली चिकणमाती सिग्नल खाते. मीटरच्या पडद्यावरच्या आलेखात सळईच्या टोकावरून आलेला परतावा ठसठशीत चढायच्या ऐवजी बोथट होतो आणि मीटर भलत्याच ठिकाणी खूण करतो. कणांना घट्ट चिकटलेलं पाणी मोकळ्या पाण्यासारखं वागत नाही, आणि रान भेगाळलं की सळईलगत हवा शिरते; दोन्हींमुळे आकडा कमी येतो. क्षारपड जमिनीत तर परतावा पार गायब होतो. पण सिग्नल स्थिरावल्यावर तो किती खाली बसला यावरून मातीची विद्युतवाहकता, म्हणजे क्षारांचा अंदाज निघतो. मला मीटरचा हाच गुण जास्त आवडतो.

तेव्हा सळया आखूड घ्या, 10 सेंमीच्या. चिंब, वाफसा आणि कोरडं अशा तीन अवस्थांत ठरावीक आकारमानाच्या नळीने नमुने काढा, 105 अंशांवर 24 तास वाळवा आणि स्वतःच्या रानाचं सूत्र बसवा. फक्त पाणी कधी द्यायचं एवढंच ठरवायचं असेल तर वाफशावर सळया रोवून तिथेच राहू द्या आणि आकडा कसा उतरतो ते बघा.