सहा दिवसांत डोंगर, समुद्र आणि पोटपूजा: साउथचा नेमका कुठला तुकडा?

प्रश्न : आम्ही चौघं मित्र, सगळे तिशीतले, डिसेंबरमध्ये सहा दिवसांची सुट्टी जुळवलीय. साउथला जायचंय, एक दणदणीत ट्रेक हवा, बीचवर लोळायचंय आणि खायचं तर भरपूर आहे. आत्ताच्या प्लॅनमध्ये मुन्नार, कन्याकुमारी, पाँडिचेरी आणि जमलं तर हंपी असं आहे. मुंबईहून निघणार. हे बसेल का?

उत्तर : बसेल, पण फक्त गाडीत. मुन्नार ते कन्याकुमारी एक दिवस, तिथून पाँडिचेरी अजून एक, आणि हंपी तर भलत्याच दिशेला. चार नावं टिक होतील आणि जेवण सगळं हायवेवरच्या ढाब्यावर. त्यापेक्षा असा एकच तुकडा धरा जिथे घाट आणि समुद्र एकमेकांना चिकटून आहेत. माझं मत विचाराल तर उडुपी ते गोकर्ण. आपल्याकडचे लोक गोव्यापर्यंत जातात आणि तिथूनच मागे फिरतात, खाली कर्नाटकचा एवढा मोठा किनारा पडलाय त्याकडे कोणी बघतच नाही.

जायचं कसं, तर कोकण रेल्वे. मत्स्यगंधा एक्सप्रेस दुपारी मुंबईच्या लोकमान्य टिळक टर्मिनसहून (एलटीटी) सुटते आणि पहाटे-सकाळी उडुपीला सोडते, म्हणजे रात्र झोपेत जाते आणि पहिला अख्खा दिवस हातात राहतो. डिसेंबरचं रिझर्व्हेशन मात्र आजच बघा, नाताळच्या आठवड्यात ही गाडी कधीच रिकामी नसते.

आता मुख्य मुद्दा. हॉटेल, गाडी हे सगळं नंतर, आधी ट्रेकची परमिशन. कुद्रेमुख नॅशनल पार्कमधला कुद्रेमुखचा ट्रेक करा, साधारण १९०० मीटरचं शिखर आहे, जाऊन-येऊन वीसेक किलोमीटर चाल, पूर्ण दिवस जातो. कर्नाटक वनखात्याच्या साइटवर ऑनलाइन बुकिंग करावं लागतं, रोज ठराविक लोकांनाच सोडतात, गाइड घ्यावाच लागतो आणि वर मुक्काम करायला परवानगी नाही, संध्याकाळच्या आत खाली यायचं. त्यामुळे शनिवार-रविवार सोडून मधल्या वारी तारीख मिळते का ते बघा आणि ती मिळाली की बाकीची ट्रिप तिच्याभोवती बांधा. लोक नेमकं उलटं करतात, सगळं बुक करून मग परमिशन शोधत बसतात.

पहिला दिवस उडुपीत खाण्यावर घालवा. सकाळी कृष्ण मठाच्या आसपासच्या एखाद्या जुन्या हॉटेलात बसा आणि डोशाच्या आधी बन्स मागवा. नावावरून बेकरीतला पाव डोळ्यासमोर येईल, पण ती पिकलेलं केळं घालून मळलेल्या मैद्याची टम्म फुगलेली पुरी असते, किंचित गोड, फोडली की आतून जिऱ्याचा वास येतो, सोबत चटणी. संध्याकाळी गोळीबजे, म्हणजे मैदा आणि दह्याची गोल, मऊ भजी. मधल्या वेळात मालपेहून बोटीने सेंट मेरीज आयलंडवर जाऊन या, लाव्हा थंड होताना तयार झालेले सहा-कोनी खडकांचे खांब तिथे उभे आहेत, आपल्या सह्याद्रीचा बेसाल्ट बघून डोळे सरावलेल्यालाही ते वेगळे वाटतात.

दुसऱ्या दिवशी कारकळमार्गे घाट चढून संसे किंवा कळसाच्या बाजूला होमस्टेला पोचा, तीनेक तास लागतात. वाटेत कारकळला १४३२ साली उभा केलेला ४२ फुटी बाहुबली आहे, थांबा, पण रेंगाळू नका. तिसऱ्या दिवशी ट्रेक. होमस्टेवाले जीपने मुल्लोडीपर्यंत सोडतात, पुढे जंगल, ओढे आणि मग उघडी गवताळ टेकाडं. सावली शेवटच्या टप्प्यात फारशी नाही, टोपी आणि पाणी विसरू नका. डिसेंबरात जळवांचा त्रास कमी असतो तरी मिठाची पुडी खिशात असू द्या.

चौथ्या दिवशी खाली उतरून किनाऱ्याने उत्तरेला गोकर्ण. दुपारचं जेवण कुंदापूरला, आणि तिथे चिकन घी रोस्ट खाल्लं नाही तर ट्रिप वाया. ब्याडगी मिरचीचा लालभडक मसाला तुपात परतत परतत कोंबडीला चिकटलेला असतो, रस्सा नसतोच. सोबत नीर डोसा घ्या, म्हणजे तांदळाचा पातळ, मऊ, जाळीदार डोसा. कोरी रोट्टीही ट्राय करा, तांदळाच्या कुरकुरीत पातळ रोटीचे तुकडे ताटात आणि वर कोंबडीचा नारळाचा रस्सा, पण रस्सा पडला की गप्पा बंद, अर्धी रोटी भिजलेली आणि अर्धी कुरकुरीत असतानाच संपवायची असते. कुंदापूर सोडल्यावर लगेच मरवंते येतं, एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला सौपर्णिका नदी आणि मधून हायवे.

उरलेले दोन दिवस गोकर्ण. तिथे दुखऱ्या पायांना झेपेल असा छोटा ट्रेकही होतो, कुडले बीचवरून कड्याच्या वाटेने ओम, पुढे हाफ मून, आणि दम असेल तर पॅरडाइज. शेवटच्या दोन बीचवर गाडी जात नाही, चालत नाहीतर बोटीने. अंधार पडायच्या आत परत फिरा, वाट खडकाळ आहे. परतीची मत्स्यगंधा गोकर्ण रोड स्टेशनवर संध्याकाळी येते, स्टेशन गावापासून दहाएक किलोमीटर लांब आहे, रिक्षा आधी ठरवून ठेवा.

प्रश्न : वरच्यासारखीच ट्रिप, पण सोबत आई-बाबा आणि आठ वर्षांची मुलगी. आईचे गुडघे दुखतात आणि आम्ही शुद्ध शाकाहारी. तिकडे सगळं मासेच असतात म्हणे?

उत्तर : कोणी सांगितलं? अर्ध्या भारतातली शाकाहारी हॉटेलं ज्या गावाचं नाव लावतात तिथेच तुम्ही जाताय. फणसाच्या पानाच्या द्रोणात वाफवलेल्या इडल्या, पत्रोडे (आळूच्या पानांचे, खाल्ल्यावर आईला लगेच कळेल काय आहे ते), तांबुळी (ताक-नारळातलं थंड, पातळ तोंडीलावणं), आणि मुलीसाठी गडबड, म्हणजे उंच ग्लासात आइस्क्रीम, जेली, फळं आणि सुकामेवा थरांवर थर. जेवणाची चिंता सोडाच.

डोंगरासाठी आगुंबे. उडुपीहून हेब्रीमार्गे दीड-दोन तास, शेवटी वळणांचा घाट आहे, मुलीला गाडी लागत असेल तर रिकाम्या पोटी नेऊ नका आणि भरल्या पोटीही नको. सनसेट पॉइंट रस्त्यालाच आहे, चालायचं काही नाही. लोक कोडचाद्री सुचवतील, जीप वरपर्यंत जाते असं सांगून, पण तो जीपचा रस्ता पाठीचा आणि गुडघ्यांचा असा निकाल लावतो की आई परत बोलणार नाही तुमच्याशी, शिवाय जीप थांबते तिथून पुढेही चढ आहेच. कोल्लूरला मूकांबिकेचं दर्शन घ्या आणि कोडचाद्री खालूनच बघा.

पाण्यात खेळायला गोकर्णपेक्षा पडुबिद्री बरं. उडुपीच्या दक्षिणेला आहे, २०२० मध्ये भारतातल्या ज्या पहिल्या आठ किनाऱ्यांना ब्लू फ्लॅग (स्वच्छ, सुरक्षित किनाऱ्यांचं आंतरराष्ट्रीय मानांकन) मिळाला त्यातला एक, स्वच्छ, कपडे बदलायची सोय असलेला.

प्रश्न : आम्हाला जुलैमध्येच सुट्टी मिळते. तेव्हा गेलं तर?

उत्तर : पावसाळा बघायला जा, बीच करायला नको. समुद्र खवळलेला असतो, सेंट मेरीजच्या बोटी बंद, आणि जून-जुलै ट्रॉलरच्या मासेमारीला बंदी, त्यामुळे ताज्या माशांची चैन नाही. घाटात मात्र धबधबे फुल्ल असतात, आगुंबेला तर पाऊस थांबायचं नावच घेत नाही. ट्रेक चालू आहे का ते निघायच्या आदल्या आठवड्यात वनखात्याकडे परत एकदा बघा, आणि कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक वेगळं असतं, वर दिलेल्या वेळांवर विसंबून स्टेशनवर जाऊ नका.