पाचवी-सहावीच्या मुलांना कचरा कमी करणं आणि रिसायकलिंग कसं शिकवावं? शाळेत घेण्यासारखा एखादा उपक्रम सुचवाल का?

'टाकाऊतून टिकाऊ' स्पर्धा तेवढी घेऊ नका. बाकी काहीही घ्या.

नाशिकला सिडकोत माझं भंगारचं दुकान आहे, वडिलांपासूनचं. जानेवारीत शाळांची प्रदर्शनं आली की माझ्याकडे उलटी गंगा वाहायला लागते. एरवी लोक विकायला येतात, तेव्हा विकत घ्यायला येतात. "भाऊ, एकसारख्या वीस बाटल्या आहेत का? स्वच्छ पाहिजेत, चेपलेल्या नको." मुलाला उद्या कचऱ्याचा प्रोजेक्ट द्यायचाय आणि घरात तेवढा कचरा नाही! मी पाच रुपयाला एक देतो. लिटरच्या रिकाम्या बाटल्या किलोला चाळीस-पन्नास बसतात, म्हणजे किलोमागे दोनशेच्या वर सुटतात. पुढे कारखान्याला घातल्या तर एवढा भाव स्वप्नातही नाही. तेव्हा धंदा म्हणून माझी काहीच तक्रार नाही.

तक्रार वेगळी आहे. २०२३ च्या जानेवारीत माझी मोठी मुलगी सहावीत होती. ती म्हणाली, पप्पा, मी आपल्या दुकानातलंच नेते. घरातली बादली घेतली. पाण्याच्या बाटलीचे कात्रीने तुकडे केले, झाकणाचेही केले. तुकडे पाण्यात टाकून बोटाने दाबायचे. बाटलीचे तळाला जातात, झाकणाचे परत वर येतात. कारण दोन्ही प्लास्टिकं वेगळी आहेत, बाटलीचं पाण्यापेक्षा जड आणि झाकणाचं हलकं. कारखान्यातही बाटल्यांचा चुरा करून पाण्याच्या टाकीत सोडतात, झाकणांचा चुरा वरच्यावर काढून घेतात. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. मी फोनवर बोलत असतो, ती गल्ल्यामागे बसून अभ्यास करत असते, तेवढ्यात कानावर पडलेलं.

बादलीच्या डाव्या हाताला पाटी, 'पप्पा घेतात'. तिथे रद्दी, पुठ्ठा, धुतलेली दुधाची पिशवी, पत्र्याचा डबा, जर्मनचं फुटकं पातेलं. उजव्या हाताला 'पप्पा घेत नाहीत'. तिथे वेफर्सचं चकचकीत पाकीट, चहाचा कागदी कप, लॅमिनेट केलेली लग्नपत्रिका, थर्माकोलचा तुकडा. प्रत्येकासमोर कारण लिहिलं होतं. वेफर्सच्या पाकिटात प्लास्टिकच्या पापुद्र्याला अ‍ॅल्युमिनियमचा मुलामा असतो, ते एकमेकांपासून सोडवता येत नाहीत. कागदी कप नुसता म्हणायला कागदी, आतून प्लास्टिकचा थर.

मॅडम आल्या. बघितलं. म्हणाल्या, "छान आहे, पण यात तू बनवलंस काय?" पोरगी गप्प. मग म्हणाल्या, "हे जरा दाराकडच्या टेबलावर घे, वास येतोय." धुतलेल्या पिशवीला कसला वास? वास कशाचा आला असेल ते मला कळतं, मीही त्याच वासाचा मुलगा म्हणून शाळेत गेलोय.

पहिला नंबर मोराला. प्लास्टिकच्या नव्याकोऱ्या चमच्यांचा पिसारा, थर्माकोलचं अंग, वर सोनेरी चमकी. १ जुलै २०२२ पासून देशभर प्लास्टिकच्या चमच्यांवर आणि सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आहे. म्हणजे बंदी घातलेला माल विकत आणायचा, त्याला फेव्हिकॉल लावायचा आणि पर्यावरणाचं बक्षीस घ्यायचं. मी मॅडमना एवढंच म्हणालो. तर म्हणाल्या, "मुलांच्या क्रिएटिव्हिटीला असे नियम लावायचे नसतात हो."

मे महिन्यात शाळेची रद्दी माझ्याकडे आली, त्यात तो मोर! मी तो घेऊ शकलो नाही. चमचे, थर्माकोल, गोंद, चमकी, सगळं एकात एक. बाटल्यांच्या कुंड्या, पेनस्टँड, लॅम्प यांचंही हेच होतं. रंग आणि गोंद लागला की चांगली विकली जाणारी बाटली बाद. बुडाचा पुठ्ठा तेवढा उचकटून घेतला, मोर घंटागाडीत गेला. त्याला टिकाऊ म्हणायचं असेल तर म्हणा.

तुमचा उपक्रम राहिलाच. सोमवार ते शुक्रवार वर्गाचा सुका कचरा एका पोत्यात साठवा. शनिवारी तुमच्या भागातल्या भंगारवाल्याला किंवा कचरा वेचणाऱ्या ताईंना काट्यासकट वर्गात बोलवा. पोरांसमोर निवडू द्या, वजन करू द्या, पैसे मोजू द्या. ते उचलून नेतील ते रिसायकलिंग. टेबलावर उरेल ती तुमची 'कमी करा'ची यादी, बहुतेक डब्याबरोबर आलेली पाकिटंच असतील. ती आणायची की नाही हे मुलांना आणि त्यांच्या आयांना ठरवू द्या. पाहुण्यांना खुर्ची द्या, चहा द्या, आणि मुलांना त्यांना काका, मावशी म्हणायला सांगा. दाराकडच्या टेबलावर बसवू नका.

हां, काचा, बॅटऱ्या, इंजेक्शनच्या सुया यांना मुलांचा हात लागू देऊ नका. दुधाची पिशवी कापताना टोक वेगळं करू नका, ते चिमुकले तुकडे कुणीच गोळा करत नाही. आणि घरातला निम्मा तरी कचरा ओला असतो, त्याचं खत करायचं शिकवायला माझ्यापेक्षा शाळेचे माळीकाका बरे. सगळ्या शिक्षिका आमच्या मॅडमसारख्या नसतात हेही खरं. धाकटीच्या बाईंनी मला एकदा वर्गात बोलावलं होतं, चाळीस मुलांनी बेजार केलं.

तरी प्रदर्शन घ्यायचंच असेल तर निकाल आमच्यासारख्याला लावू द्या. प्रदर्शन संपल्यावर ज्या टेबलावरचं सगळं विकलं जाईल, त्याचा पहिला नंबर. हे मी मॅडमनाही सुचवलं होतं. "बघू पुढच्या वर्षी," म्हणाल्या. पुढच्या वर्षी विषय आला आइस्क्रीमच्या काड्यांचं घर. काड्यांचं पाकीट आमच्या समोरच्या स्टेशनरीत मिळतं, पन्नास रुपयाला.