गिअरबॉक्सचे माउंटिंग आणि गॅरेजमध्ये अडकलेली गाडी

प्रश्न थोडक्यात असा आहे. विट्याच्या एका निवृत्त शिक्षकांची २००९ ची पेट्रोल गाडी साताऱ्यात मुलीकडे गेले असताना गिअर टाकताना ‘धाड्’ असा आवाज करू लागली. तेथील गॅरेजमालकाने गिअरबॉक्सचे माउंटिंग (त्याला आधार देणारा रबर-धातूचा तुकडा) गेल्याचे सांगून ते बदलले आणि ४,६०० रुपये यूपीआयने घेतले. बिलाऐवजी चिठ्ठी दिली. अठरा दिवसांत तोच आवाज पुन्हा सुरू झाला. गाडी परत नेल्यावर त्याने माउंटिंग दुसऱ्यांदा बदलले, ड्राइव्ह शाफ्टचा बूटही (चाक फिरवणाऱ्या दांड्याच्या सांध्यावरचे रबरी आवरण) बदलला, आणि आता दुसऱ्या माउंटिंगचे ३,२००, बुटाचे २,७०० व ३५ दिवसांच्या पार्किंगचे ३,५०० असे ९,४०० रुपये दिल्याशिवाय तो गाडी सोडत नाही. त्याला असे करता येते का, पोलिसांत जावे का, आणि पहिले पैसे परत मिळतील का, अशी त्यांची विचारणा आहे.

स. न. वि. वि.

गुरुजी, गाडी अडवून ठेवण्याचा हक्क गॅरेजमालकाला कायद्याने खरोखरच आहे, मात्र तो फार अरुंद आहे. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १७० नुसार, ज्या कामासाठी वस्तू सोपवली त्या कामात ज्याने श्रम किंवा कसब खर्च केले, त्याला त्याचा रास्त मोबदला मिळेपर्यंत ती वस्तू ताब्यात ठेवता येते. कायद्याने तेथेच दोन उदाहरणे दिली आहेत : पैलू पाडण्यासाठी दिलेला हिरा जवाहिऱ्याला मजुरी मिळेपर्यंत ठेवता येतो, पण कोट शिवून होताच देण्याचे आणि पैशांसाठी तीन महिने थांबण्याचे कबूल केलेल्या शिंप्याला तो कोट अडवता येत नाही. आपल्या तीन रकमा या कसोटीवर वेगवेगळ्या तपासाव्या लागतील.

पार्किंगचे ३,५०० रुपये या हक्कात बसत नाहीत, कारण ते गाडीवर केलेल्या कामाचा मोबदला नाहीत, तसे काही आधी ठरलेले नव्हते आणि गाडी त्याने स्वतःच्या वसुलीसाठी ठेवली आहे. दुसऱ्या माउंटिंगचे ३,२०० हा वादाचा गाभा आहे : पहिलेच काम सदोष असेल तर ते सुधारण्याचे पैसे मागता येणार नाहीत. बुटाबाबत मात्र आपली बाजू आपल्याला वाटते तेवढी भक्कम नाही. ‘बूट फाटलाय’ असे त्याने फोनवर सांगितल्यावर आपण ‘बघा काय ते’ म्हणालात, असे आपणच लिहिले आहे. आपल्या मते ते तपासून सांगण्याविषयी होते, त्याच्या मते ती परवानगी होती, आणि आपल्याकडच्या बोलीत दोन्ही अर्थ सहज निघतात. बूट खरोखर फाटलेला असेल तर या रकमेवर लढू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

माझा सर्वात आग्रहाचा सल्ला दोन्ही वेळा काढलेल्या माउंटिंगविषयी आहे, आणि विशेषतः अठरा दिवसांत निकामी झालेल्या त्या तुकड्याविषयी. माउंटिंग म्हणजे धातूच्या कंसाला घट्ट चिकटवलेले रबर. ते गिअरबॉक्सचे वजन पेलते आणि क्लच सोडताना बसणारा पीळ सोसते. रबर धातूपासून साफ सुटून आले असेल तर माल हलक्या प्रतीचा असल्याचा संशय बळावतो. बोल्टचे भोक लांबट झाले असेल आणि वॉशरखाली घासल्याची चमक असेल तर बोल्ट नीट आवळले नसावेत. रबर मधूनच ताणून फाटले असेल, तर गॅरेजमालक म्हणेल की इंजिनाची बाकीची जुनी माउंटिंग ढिली असल्याने सगळा पीळ या एकाच नव्या माउंटिंगवर आला. त्याने सुरुवातीलाच ‘बाकीची दोनही बदला’ असे सुचवले होते आणि आपण खर्चामुळे नको म्हणालात, ही गोष्ट तक्रारीत लपवू नका. ती समोरून उघड झाली तर आपल्या इतर खऱ्या म्हणण्यावरचाही विश्वास उडेल. सेवेतील त्रुटी सिद्ध करण्याची जबाबदारी तक्रारदारावर असते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये स्पष्ट केले आहे. म्हणून तो तुकडा भंगारात जाण्याआधी लेखी मागणी करून ताब्यात घ्या, तारखेसह छायाचित्रे काढा आणि परवानाधारक मोटार सर्वेक्षकाकडून लेखी अहवाल घ्या. ‘ओरिजिनलच टाकलंय’ हा त्याचा व्हॉट्सअॅपवरचा ध्वनिसंदेश फोनमधून पुसू नका. तो दाखल करताना भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खालील, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचे प्रमाणपत्र जोडलेले बरे.

गाडी सोडवण्यासाठी आधी बुटाचे २,७०० देऊ करा आणि उरलेल्या रकमेवर लेखी हरकत घ्या. तो ऐकला नाही आणि गाडीची निकड असेल, तर पूर्ण रक्कम यूपीआयने भरून त्याच दिवशी ‘ही रक्कम केवळ गाडी सोडवण्यासाठी, हरकत नोंदवून व हक्क राखून दिली आहे’ असे स्पीड पोस्टाने कळवा. तसे कळवल्यावर ती परत मागण्याचा आपला मार्ग मोकळा राहतो. पैसे न भरता थांबायचे असेल तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रारीसोबत अंतरिम (निकालापूर्वीच्या तात्पुरत्या) आदेशाचा अर्ज करता येतो. ती तरतूद ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ च्या कलम ३८ मध्ये आहे.

तक्रारीसाठी साताऱ्याला खेटे घालण्याची गरज नाही. २०१९ च्या कायद्याने तक्रारदार जेथे राहतो तेथील जिल्हा आयोगाकडेही दाद मागता येते, म्हणजे विटा सांगली जिल्ह्यात असल्याने आपल्याला सांगली जिल्हा आयोग चालेल. दिलेला मोबदला पाच लाखांच्या आत असल्याने शुल्क नाही, आणि वकील नेमण्याची सक्तीही नाही. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे. निकालासाठी कायद्याने समोरच्या पक्षाला आयोगाची नोटीस मिळाल्यापासून तीन महिने, तपासणी लागल्यास पाच महिने सांगितले असले, तरी प्रत्यक्षात अधिक वेळ जातो, हे गृहीत धरा. पक्के बिल न देणे ही या कायद्याप्रमाणे स्वतंत्रपणे अनुचित व्यापारी प्रथा आहे. तो मुद्दा जरूर घ्या. पहिले ४,६०० आणि हरकतीसह भरलेली रक्कम यांचा परतावा, सर्वेक्षकाचा खर्च आणि माफक भरपाई, एवढेच मागा. लाखांचे आकडे घातल्याने तक्रार जड होत नाही, उलट तिचा गंभीरपणा जातो.

पोलिसांत आत्ता जाऊ नये. गॅरेजमालक कामाच्या पैशांपोटी हक्क सांगत आहे, तो हक्क चुकीचा ठरला तरी त्यावरून फसवणुकीचा हेतू आपोआप सिद्ध होत नाही, आणि ठाण्यात हा दिवाणी वाद असल्याचेच सांगितले जाईल. त्याने गाडी वापरली, तिचे भाग काढले किंवा ती परस्पर विकण्याची धमकी दिली, तर मात्र चित्र बदलते. म्हणून गॅरेजमालकाला लेखी नोटीस पाठवा, तिच्यात आजचे मीटर वाचन लेखी मागा, कोणाला तरी साताऱ्याला पाठवून गाडीची चारही बाजूंनी छायाचित्रे काढून घ्या, आणि नोटिशीच्या पहिल्याच परिच्छेदात काढलेली दोन्ही माउंटिंग जपून ठेवण्याची सूचना घाला.