अमेरिकेत स्काउट ट्रूपला आठवडाभराच्या समर कॅम्पसाठी कसं तयार करावं?

तुम्ही लिहिलंय की मुलाच्या ट्रूपमध्ये, म्हणजे स्काउटच्या गटात, यंदाच असिस्टंट स्काउटमास्टर झालात, जुलैत आठवडाभराचा कॅम्प आहे, निम्मी मुलं पहिल्यांदाच चालली आहेत आणि त्यांच्यापैकी बऱ्याच जणांचे आईवडील आपल्याकडचे, स्वतः कधी तंबूत न झोपलेले. मी न्यू जर्सीत हेच काम करतो, त्यामुळे इकडचंच सांगतो.

सामानाची यादी सध्या बाजूला ठेवा. मुलगा कॅम्पच्या दारात अडतो तो स्लीपिंग बॅग नसल्यामुळे नाही, कागद नसल्यामुळे. हेल्थ फॉर्मचे ‘ए’ आणि ‘बी’ भाग घरी भरता येतात, पण ७२ तासांहून मोठ्या कॅम्पला ‘सी’ भागही लागतो, आणि तो डॉक्टरनं तपासून सही करायचा असतो. पालक मे संपेपर्यंत निवांत असतात आणि मग जूनमध्ये पीडियाट्रिशियनची अपॉइंटमेंट मिळत नाही. आत्तापासून मागे लागा. तुमचा स्वतःचा फॉर्मही त्यातच आला.

मोठ्या माणसांचे नियमही पालकांना आधीच सांगून टाका. २१ वर्षांवरचे किमान दोन नोंदणीकृत लीडर कायम हजर लागतात. १ सप्टेंबर २०२३ पासून रात्री मुक्काम करणाऱ्या प्रत्येक मोठ्या माणसाची लीडर म्हणून नोंदणी असावी लागते आणि मुलांच्या सुरक्षिततेचं ट्रेनिंगही. ‘मी एक रात्र राहतो, बघतो कसं काय चाललंय’ म्हणणारा एक तरी बाबा प्रत्येक ट्रूपमध्ये असतोच. आणि नोंदणी केली तरी त्याला लेकाच्या तंबूत झोपता येणार नाही.

कागद झाले की मात्र मोठ्यांनी हात मागे घ्यायचे. तंबूत कोणाबरोबर कोण, ताटं-टेबलं कोणत्या दिवशी कोणाकडे, उठवणार कोण, हे सगळं सीनियर पेट्रोल लीडर आणि पेट्रोल लीडर असलेल्या मुलांनीच ठरवायचं (पेट्रोल म्हणजे ट्रूपमधली मुलांची छोटी तुकडी). तुम्ही फक्त तंबूतल्या जोडीदारांच्या वयात दोन वर्षांपेक्षा जास्त अंतर नाही ना, एवढं पाहा. तक्ता वेडावाकडा होईल, होऊ द्या. आपण नीट करून दिलेला तक्ता कोणी वाचतसुद्धा नाही.

हेच बॅगेचं. आपल्या घरांत बॅग आई भरते, तीही झिपलॉकमध्ये वारांची नावं लिहून. मग रात्री दहाला पाऊस सुरू होतो आणि मुलाला आपला रेनकोट कुठल्या कप्प्यात आहे तेच ठाऊक नसतं. कॅम्पच्या दोन-तीन आठवडे आधी एका मीटिंगला सगळ्यांना भरलेल्या बॅगा घेऊन बोलवा आणि जमिनीवर उपसायला लावा. नंतर दिवे बंद करून ‘टॉर्च काढा, कोरडे मोजे काढा’ म्हणा. हसतखेळत होतं, आणि ज्याची बॅग दुसऱ्यानं भरली तो लगेच उघडा पडतो. मोजे आईला वाटतात त्याच्या दुप्पट लागतात, शर्ट निम्मे. पुढचा भाग बंद असलेले बूट दोन जोड हवेत, कारण एक ओला असणारच.

मे महिन्यात शनिवार-रविवारचा एक मुक्काम कराच, आणि पाऊस आला म्हणून तो रद्द करू नका.

पोहण्याच्या चाचणीकडे दुर्लक्ष होतं. बहुतेक कॅम्पांत ती पहिल्याच दिवशी असते: डोक्यावरून जाईल इतक्या खोल पाण्यात पायांवर उडी, ७५ यार्ड दमदार पोहणं, मग पाठीवर आरामात २५ यार्ड, आणि शेवटी तरंगत विश्रांती. मध्ये थांबायचं नाही. आपली मुलं वायएमसीएच्या पूलमध्ये झकास पोहतात, पण तळ्याचं पाणी गार आणि काळपट असतं, तळ दिसत नाही, धरायला काठ नसतो. चांगली पोहणारी मुलंही तिथे घाबरतात. आधी एकदा गार्ड असलेल्या तळ्यावर घेऊन जा. पाठीवरचे २५ यार्ड वेगळे घोटून घ्या, कारण कोचिंगमध्ये शर्यतीचा बॅकस्ट्रोक शिकवतात आणि इथे दम खायचा असतो. चाचणी पार झाली नाही तरी जमेल तसं ‘बिगिनर’च्या किंवा पोहता न येणाऱ्यांच्या भागात पाण्यात उतरता येतं, परत चाचणीही देता येते, हे मुलाला घरीच सांगून ठेवायचं.

आता मेरिट बॅज, म्हणजे एकेक विषय शिकून मिळवायचे बिल्ले. ईगल या स्काउटमधल्या सर्वांत वरच्या दर्जाला २१ बॅज लागतात हे कळलं की आपले पालक हिशेबाला बसतात आणि अकरा वर्षांच्या पोराला आठवड्यात सहा बॅज लावतात. मी याच्या पूर्ण विरोधात आहे. कॅम्पिंगच्या बॅजला २० रात्री लागतात आणि त्यात अशा मोठ्या कॅम्पच्या जास्तीत जास्त सहा धरतात, म्हणजे तो तिथे पुरा होणारच नाही. एन्व्हायर्नमेंटल सायन्समध्ये लिखाण इतकं, की पोरगं सुट्टीत शाळेत बसल्यासारखं बसतं. पहिल्या वर्षी लेदरवर्क, बास्केट्री असं हातानं करायचं काही, आणि पाण्यातलं एखादं, बस. दुपार मोकळी राहू दे.

पालकांची एक वेगळी बैठक घ्या. ‘नाही करमलं तर फोन कर, मी न्यायला येतो’ हे वाक्य कोणी मुलाला बोलायचं नाही. ते मिळालेला मुलगा पहिल्या रात्रीपासून तेवढ्याच फोनची वाट बघतो. त्याऐवजी प्रत्येक घरानं तीन-चार पत्रं आधीच लिहून लीडरकडे द्यावीत. त्यांत ‘तुझ्याशिवाय घर सुनं सुनं वाटतं’ असलं काही नको. कुत्र्यानं चप्पल खाल्ली, असलं चालेल. अंथरूण ओलं होणं, झोपेत चालणं हे तुम्हाला एकट्याला सांगायला सांगा. रोजची औषधं ‘सुट्टी आहे’ म्हणून बंद करायची नाहीत. सगळ्या गोळ्या मूळ डबीत लेबलासकट, मोठ्यांकडे, कुलपात. आजीनं दिलेल्या साबुदाण्यासारख्या होमिओपॅथीच्या गोळ्यासुद्धा.

शाकाहारी मुलांचं कॅम्पच्या किचनला आधी लेखी कळवा, आणि त्याआधी घरी नीट विचारा: अंडं चालतं का, मार्शमेलोतलं जिलेटिन (ते प्राण्यांपासून करतात) चालतं का. नाहीतर शेकोटीपाशी वाद होतो. चकल्या-लाडू पाठवणारच लोक. ते तंबूत ठेवायचे नाहीत, लीडरच्या बंद पेटीत जातील. उत्तर जर्सीत अस्वलं आहेत, पण खरा त्रास उंदीर आणि रॅकूनचा.

गोचिडींमुळे लाइम नावाचा आजार होतो, म्हणून परमेथ्रिन हे कीटकनाशक कपड्यांवर आदल्या आठवड्यात, घराबाहेर मारून पूर्ण वाळवायचं. अंगाला ते लावायचं नाही. रोज आंघोळीच्या वेळी काखा, गुडघ्यांमागे आणि केसांत स्वतः तपासायचं, आणि आंघोळीची वेळ तक्त्यात टाकायची, कारण नाहीतर आंघोळ होतच नाही.

जेवण डायनिंग हॉलमध्ये आहे की पेट्रोलनं स्वतः शिजवायचंय, हे तुम्ही लिहिलेलं नाही. स्वतः शिजवायचं असेल तर मेच्या मुक्कामात त्याच स्टोव्हवर, त्याच भांड्यांत मुलांकडून दोन वेळा स्वयंपाक करून घ्या, आणि भांडीही त्यांनाच घासायला लावा.